पाय ४ वरचं सामान पाय ५ वर चढवताना

प्रश्न: धायरीत आमचं दोन मजली घर आहे. गच्चीवर टाकीशेजारी प्लास्टिकच्या डब्यात रास्पबेरी पाय ४ हा छोटा, एका पाटीवरचा संगणक बसवलाय. त्यावर पीओई प्लस (नेटवर्क केबलमधून वीज घेणारी) हॅट, म्हणजे वर बसणारी जोडपाटी आहे, त्यामुळे खालून एकच नेटवर्क केबल वर जाते आणि वीजही तीतूनच मिळते. वर टाकीच्या पातळीसाठी आरएस-४८५ ची (लांब तारेवरून सेन्सरची माहिती आणणारी) हॅट, पंपासाठी दोन रिलेंचा बोर्ड, रिबनवर कॅमेरा मॉड्यूल २ आणि यूएसबीला छोटी हार्डडिस्क. होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि घराभोवतीच्या चार आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग याच बोर्डावर चालतं. आता सगळं रखडतंय म्हणून पाय ५, ॲक्टिव्ह कूलर आणि एसएसडी बसवायची एम.२ हॅट प्लस घेतली. टेबलावर जुन्या ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालवून पाहिलं, तर तापमान ७२ पर्यंत जातं, फॅन घोंगावतो आणि हार्डडिस्क मधूनच गायब होते. जुन्या हॅट नव्या बोर्डावर बसतील का? आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या डब्यात हा तग धरेल का?
— एक वाचक, धायरी

उत्तर:

पाय ५ गच्चीवर नेऊ नका. पाय ४ आहे तिथेच राहू द्या, त्याच्याकडे पंप आणि टाकीची पातळी एवढंच काम ठेवा. पाय ५ खाली घरात, राउटरजवळ बसवा आणि होम असिस्टंट नि रेकॉर्डिंग त्याच्याकडे द्या. तुम्ही विचारलं होतं की बसेल का, आणि आम्ही सांगतोय की बसवूच नका, हे खरं. पण तुमच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूची नव्या बोर्डावर काही ना काही अडचण आहे, आणि त्यातल्या बहुतेक अडचणी गच्चीमुळेच उभ्या राहतात.

पीओईपासून सुरुवात करू. चाळीस पिनांचा हेडर दोन्ही बोर्डांवर त्याच जागी आहे, स्क्रूची चार भोकंही तीच. त्यामुळे जुनी हॅट समोर धरली की सहज बसेल असं वाटतं. पण पीओईची वीज हॅटपर्यंत या चाळीस पिनांतून येत नाही. नेटवर्क पोर्टमधली ही वीज चार पिनांच्या एका वेगळ्या हेडरवर येते, हॅट तिचे ५ व्होल्ट करते आणि मग चाळीस पिनांतून बोर्डाला देते. पाय ५ वर नेटवर्क पोर्ट आणि यूएसबी पोर्टांची अदलाबदल झाली, आणि त्याबरोबर तो चार पिनांचा हेडरही हलला. जुन्या हॅटचं सॉकेट जिथे येतं तिथे आता दुसरेच भाग आहेत. दाबून बसवायला जाल तर काहीतरी मोडेल, आणि नाही मोडलं तरी वीज येणार नाहीच. हीच अदलाबदल जुन्या केसच्याही मुळावर येते. तिच्या पोर्टांच्या खाचा आता चुकीच्या जागी आहेत, त्यामुळे कानशीने घासत बसण्यात अर्थ नाही.

पाय ५ साठी बनवलेल्या वेगळ्या पीओई हॅट मिळतात. घ्यायचीच झाली तर तीन गोष्टी बघा. एक, ती ८०२.३एटी प्रमाणाची हवी. जुन्या ८०२.३एएफमध्ये उपकरणापर्यंत जेमतेम १२.९५ वॉट पोचतात, एटीमध्ये २५.५. पाय ५ पूर्ण जोरात चालला की एकटाच १२ वॉटच्या आसपास खातो (पाय ४ चा हाच आकडा ८ आहे), त्यावर एसएसडी, हार्डडिस्क आणि फॅन. दोन, ५ व्होल्टला किती अँपिअर देते ते लिहिलेलं हवं, आणि ते ४.५ च्या खाली नको. तीन, यातल्या काही हॅटना स्वतःचा हीटसिंक आणि फॅन असतो. त्या ॲक्टिव्ह कूलरच्या जागेवरच बसतात, म्हणजे तुम्ही घेतलेला कूलर वाया. तुमचा स्विच किंवा इंजेक्टर पीओई प्लसचा आहेच, तो चालेल.

आता हार्डडिस्क गायब होण्याचं. डिस्क बिघडलेली नाही. पाय ५ सुरू होताना चार्जरला विचारतो की ५ व्होल्टला ५ अँपिअर देशील का. ‘हो’ आलं तर यूएसबीच्या चारही पोर्टांना मिळून १.६ अँपिअर सोडतो, नाही आलं तर फक्त ६०० मिलीअँपिअर. अडीच इंची डिस्कला फिरायला लागताना याहून जास्त लागतं, मग ती बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा पडते. अधिकृत २७ वॉटचा अडॅप्टर घ्या. तो ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देतो आणि केबल त्यालाच जोडलेली असते. घरातला ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर चालेल असं अनेकांना वाटतं. तो ६५ वॉट देतो २० व्होल्टला. ५ व्होल्टला त्याचेही बहुधा ३ अँपिअरच असतात, आणि पाय ५ ला २० व्होल्टचा काही उपयोग नाही.

बोर्डाच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूएसबीची मर्यादा उठवणारी एक ओळ आहे, ‘यूएसबी मॅक्स करंट एनेबल’ बरोबर १. पुरवठा खरोखर ५ अँपिअरचा आहे पण बोर्डाला ते कळत नाही, अशा वेळीच ती टाकायची, उदाहरणार्थ पिनांतून वीज देणारी चांगली पीओई हॅट. तुमच्या ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर टाकलीत तर डिस्क दिसेल, पण सगळ्या बोर्डाचं व्होल्टेज खाली बसेल, आणि मग फाइल सिस्टिम बिघडली की दोष कार्डाच्या माथी येईल. ही फाइल आता बूट फोल्डरच्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये असते. जुन्या जागी शोधू नका.

तापमानाकडे वळू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका आकडा तो ७२ आहे. ॲक्टिव्ह कूलर लावलेला, टेबलावर उघडा पाय ५ चार कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगने ७२ ला जायला नको. रेकॉर्डिंग म्हणजे नेटवर्कवरून आलेला व्हिडिओ डिस्कवर उतरवणं, त्यात प्रोसेसरला फारसं कामच नाही. तो तापतोय म्हणजे तो व्हिडिओ उलगडत (डीकोड करत) बसलाय. आणि पाय ५ चा इथे एक उणेपणा आहे, जो खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. पाय ४ मध्ये एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत, एच.२६५ ही तिच्यानंतरची) उलगडायला आणि तयार करायला वेगळं हार्डवेअर होतं. पाय ५ मध्ये ते काढून टाकलंय. राहिला आहे तो फक्त एच.२६५ उलगडणारा भाग. त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्यांचा एच.२६४ व्हिडिओ आता चार कोअर घाम गाळून उलगडतायत. कोअर दणकट आहेत म्हणून काम होतं, पण उष्णता त्यांचीच.

म्हणून कूलर बदलण्याआधी रेकॉर्डिंगची सेटिंग बदला. कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह (व्हिडिओ स्ट्रीम) आहे तसा, न उलगडता थेट फाइलमध्ये जाऊ द्या. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये याला ‘कॉपी’ म्हणतात. हालचाल ओळखण्यासाठी कॅमेऱ्याचा दुसरा, लहान प्रवाह वापरा, आणि कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ६४० बाय ३६० आणि सेकंदाला ५ फ्रेमवर आणा. १९२० बाय १०८० ला २५ फ्रेम उलगडण्याच्या तुलनेत हे काम पंचेचाळीसपट कमी आहे, गुणाकार करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये ५ टाकून कॅमेरा २५ च पाठवत असेल तर उपयोग नाही, उलगडावे सगळेच लागतात. मुख्य प्रवाह एच.२६५ केला तर डिस्कवर जागा वाचेल. पण तोच प्रवाह हालचाल ओळखायला देणार असाल तर तुमचं सॉफ्टवेअर पाय ५ चा तो हार्डवेअर भाग वापरतं का, हे आधी तपासा. वापरत नसेल तर एच.२६५ प्रोसेसरवर एच.२६४ पेक्षाही जड पडतो आणि तापमान उलट चढतं.

फॅनचा घोंगाटही याच हिशोबातला आहे. कूलरचा फॅन ५० अंशांना साधारण ३० टक्के वेगाने सुरू होतो, ६० ला ५० टक्के, ६७.५ ला ७० टक्के आणि ७५ ला पूर्ण. बंद होताना तो ५ अंश खाली जाईपर्यंत थांबतो. तुमचा ७२ ला सत्तर टक्क्यांवर आहे, आवाज येणारच. ५० च्या खाली फिरला नाही तर तो बिघडलाय असं समजून परत द्यायला जाऊ नका. सुरू होताना एकदा जोरात फिरून थांबतो, तेवढी खूण पुरे. ८० अंशांपासून बोर्ड स्वतःचा वेग हळूहळू उतरवतो, ८५ ला चांगलाच दाबतो. जळत नाही. पण पैसे मोजून घेतलेला वेग गेला.

कूलर बसवताना फॅनच्या चार पिनांच्या कनेक्टरवरचं छोटं प्लास्टिकचं झाकण आधी नखाने काढा, अनेक जण त्यावरच प्लग दाबतात. खाली थर्मल पॅड लावूनच येतात, वेगळी पेस्ट घालू नका. दोन स्प्रिंगच्या खुंट्या एकेक करून, समोरासमोरून टक् आवाज येईपर्यंत दाबा. आणि एकदा बसवला की काढायचा नाही. खुंट्या आणि पॅड दोन्ही काढताना खराब होतात, बोर्डालाही इजा होऊ शकते. म्हणजे केस आणि बाकीच्या हॅट कुठे, कशा बसणार हे ठरवून मगच कूलर लावायचा असतो. तुमचा लागलाच आहे, तर बाकीचं सगळं त्याच्याभोवती जुळवू.

जुन्या पायवरचे चिकटवायचे छोटे ॲल्युमिनियमचे तुकडे नव्यावर लावू नका. कूलर त्यांच्यावर तरंगतो आणि चिपला टेकतच नाही.

गच्चीचा हिशोब एका वजाबाकीत कळतो. बोर्डाचं तापमान आणि त्याच्याभोवतीच्या हवेचं तापमान यांतला फरक, काम तेवढंच असेल तर, साधारण कायम राहतो. कूलर कितीही चांगला असला तरी हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा खोलीत २६ अंश असताना पूर्ण भारावर बोर्ड ६० ला थांबला, तर फरक ३४. मे महिन्यात धायरीत सावलीत ४० असेल तेव्हा तोच बोर्ड ७४ ला जाईल, चालेल. पण उन्हातल्या बंद प्लास्टिकच्या डब्यातली हवा ४० ची नसते. ती ५५ झाली तर बोर्ड ८९ ला पोचायला बघेल, म्हणजे दुपारभर वेग दाबलेलाच. बंद डब्यात फॅन तीच गरम हवा फिरवत राहतो, हेही लक्षात घ्या. अंदाज नको असेल तर एक डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जुन्या पायला जोडून डब्यात, बोर्डापासून हातभर दूर लटकवा आणि आठवडाभर नोंदी बघा. बाहेरच्या हवेपेक्षा डबा किती वर असतो हा आकडा कूलरच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा कामाचा.

डब्याला वरच्या बाजूला भोकं पाडणं हा सोपा उपाय वाटतो, पण जूनमध्ये त्याच भोकांतून पाणी येतं. भोकं पाडायची तर खालच्या तळाला आणि एका बाजूच्या वरच्या भागात, तोंड खाली वळलेलं, आतून बारीक जाळी. डब्यावर चार बोटं अंतर सोडून पत्र्याचं किंवा फायबरचं छप्पर टाका. थेट ऊन अडलं की निम्मं काम झालं. पाय ४ साठी एवढं पुरेसं आहे, विशेषतः रेकॉर्डिंगचं ओझं उतरल्यावर. आणि पाय ५ कधी बाहेर ठेवावाच लागला तर अख्खी केस हीटसिंक असलेली ॲल्युमिनियमची घ्या, ज्यात चिपची उष्णता थेट धातूच्या भिंतीत जाते. तिच्यात फॅन नाही, म्हणून धूळ आत ओढली जात नाही. वायफाय मात्र मंदावतं. तुमच्याकडे केबल आहे, फरक पडणार नाही.

एम.२ हॅट प्लस कूलरच्या वर बसेल असंच तिचं माप आहे. सोबत १६ मिमी उंचीचा पिनांचा हेडर आणि खांब येतात. खाली घरात बसवणार असाल तर ही रचना चांगली चालते. लांबीत मात्र गफलत होते: हिच्यात २२३० आणि २२४२ मापाच्याच एसएसडी बसतात. लॅपटॉपमधून काढलेली २२८० तीवर बसणार नाही. चपटी केबल लावताना बोर्डावरच्या कनेक्टरची पट्टी दोन्ही टोकांनी हलकेच वर उचला, तांब्याची बाजू यूएसबी पोर्टांकडे करून केबल सरळ आत सरकवा आणि पट्टी खाली दाबा. तिरकी बसली तर एसएसडी कधी दिसते, कधी नाही, आणि आपण सॉफ्टवेअर तपासत बसतो. वेग वाढवण्यासाठी पीसीआयई (एसएसडीची जोडणी) जेन ३ करण्याचा सल्ला मिळेल. बोर्ड जेन २ साठीच प्रमाणित आहे, आणि तुमच्या कामाला त्याचे सेकंदाला चारेकशे एमबी भरपूर झाले.

एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टिम आणि होम असिस्टंटचा डेटाबेस ठेवा, रेकॉर्डिंग नको. चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट धरले तर सेकंदाला १ एमबी, दिवसाला ८६ जीबी. २५६ जीबीची एसएसडी तीन दिवसांत भरेल, आणि वर्षाकाठी ३१ टीबी लिहून तिचं आयुष्यही घटेल. फिरती हार्डडिस्क या कामाला अजूनही बरी.

आरएस-४८५ ची हॅट कूलर आणि एम.२ च्या वर तिसरा मजला म्हणून चढवायचा विचार असेल तर तो सोडून द्या, असं आमचं मत. साधी हॅट साडेआठ मिमीच्या सॉकेटवर बसते, ती थेट कूलरला घासते. उंच हेडर लावलात तरी वरच्या मजल्यावर निदान सहा मिमी पीन उरली पाहिजे, नाहीतर पकड ढिली राहते आणि टाकी मध्येच ‘रिकामी’ दिसते. शिवाय कूलरचा फॅन हवा वरून ओढतो, त्याच्या डोक्यावर जितक्या पाट्या चढवाल तितका त्याचा श्वास कोंडतो. दोन्ही एकाच बोर्डावर हवेतच, तर बोर्डाच्या खालून बसणारा एनव्हीएमई बेस (एसएसडीची पाटी) घ्या, म्हणजे वरची बाजू मोकळी राहते. खांब पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या बाजूला मिळतील, पण एम २.५ चेच मागा. ‘एम ३ घेऊन जा, तेच असतं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बोर्डाची भोकं २.७ मिमीची आहेत, एम ३ शिरत नाही, आणि भोक मोठं करायला ड्रिल लावलंत तर कडेचं तांबं उखडेल.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात, कारण आमचं ऐकलंत तर यातलं बरंचसं तुम्हाला लागणारच नाही. जुनं कार्ड तसंच उचलून पाय ५ मध्ये घातलं तर, त्यावर ‘बुकवर्म’ या आवृत्तीच्या आधीची पाय ओएस असेल तर, ते सुरूच होणार नाही. नवी ६४ बिट सिस्टिम टाका आणि होम असिस्टंटचा बॅकअप घेऊन तिथे उतरवा. पाय ५ च्या पिना आता मुख्य चिपमध्ये नाहीत, आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमध्ये आहेत. त्यामुळे जुनी आरपीआय-जीपीआयओ ही पायथन लायब्ररी ‘पेरिफेरलचा पत्ता सापडत नाही’ अशा अर्थाची तक्रार करून थांबते. ती काढून टाका आणि तिच्या जागी आरपीआय-एलजीपीआयओ टाका, तुमचा कोड बहुधा तसाच चालेल. दोन्ही एकत्र ठेवू नका, दोघींचं नाव एकच असल्याने गोंधळ होतो. पिगपीओ ही दुसरी लायब्ररी पाय ५ वर चालत नाही. आरएस-४८५ साठी आणखी एक खोच: ‘सिरीयल-झिरो’ हे नाव पाय ५ वर पिना १४-१५ कडे जात नाही, दोन एचडीएमआय पोर्टांमधल्या तीन पिनांच्या छोट्या कनेक्टरकडे जातं. कॉन्फिगमध्ये यूएआर्ट-झिरो सुरू करून कोडमध्ये ‘टीटीवाय-एएमए-झिरो’ लिहावं लागतं. एखादा कंटेनर (स्वतंत्र खोक्यात चालणारं सॉफ्टवेअर) ‘पेज साइझ’ची तक्रार करून बंद पडला, तर कॉन्फिगमध्ये कर्नल म्हणून ‘कर्नल८’ची फाइल द्या, पान १६ केबीवरून ४ केबीवर येतं आणि तो चालू लागतो.

कॅमेरा मॉड्यूल २ पाय ५ वर चालतं, पण जुनी १५ पिनांची रुंद रिबन बसत नाही, २२ ते १५ पिनांची वेगळी केबल लागते. तुमचा कॅमेरा टाकीवर रोखलेला असेल तर तो पाय ४ बरोबरच राहू द्या.

कामाची वाटणी अशी करा. पाय ५ वर एमक्यूटीटीचा ब्रोकर (उपकरणांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्रॅम) चालवा. पाय ४ दर तीस सेकंदांनी पातळी पाठवेल आणि पंप सुरू करण्याची आज्ञा ऐकेल. बंद करण्याचा निर्णय मात्र पाय ४ वरच ठेवा: टाकी भरली की बंद, आणि पातळी काहीही सांगो, तुमची टाकी भरायला लागतो त्याच्या दीडपट वेळ झाला की बंद. खाली राउटर बंद पडला तर पंप कोरडा फिरू नये, टाकीही वाहू नये. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी एक एचपीचा पंप त्यावर थेट जोडलेला असेल तर बदला. चालू असताना पंप पाच-सहा अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, आणि रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग पाय ‘बंद’ म्हणतो आणि पंप चालूच. रिलेने कॉन्टॅक्टरची (जड करंटच्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवावी आणि कॉन्टॅक्टरने पंप. हे काम वायरमनकडून, मेन बंद करून.

खाली पाय ५ ला इन्व्हर्टरवरचा सॉकेट द्या, देखभालीसाठी गुरुवारची वीज गेली तरी रेकॉर्डिंग थांबणार नाही. राउटरसाठीच्या छोट्या यूपीएसच्या ५ व्होल्टच्या तोंडातून त्याला वीज देऊ नका, ते एवढा करंट देत नाहीत. बोर्डावर घड्याळाच्या बॅटरीचा कनेक्टर आहे. त्याला रिचार्ज होणारी एमएल-२०२० लावली तरच चार्जिंग सुरू करा. साधी सीआर-२०३२ लावली तर चार्जिंग बंदच राहू द्या. ते मुळात बंदच असतं.

सगळं जोडून झालं की चार कॅमेरे सुरू ठेवून ‘स्ट्रेस-एनजी’ या चाचणीच्या प्रोग्रॅमने चारही कोअर वीस मिनिटं राबवा आणि ‘व्हीसीजेनसीएमडी’ला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर ०एक्स० आलं तर वीज आणि थंडावा दोन्ही ठीक. ०एक्स५०००० आलं तर व्होल्टेज कधीतरी खाली गेलं होतं: अडॅप्टर किंवा केबल बघा, कूलरला हात लावू नका. ०एक्सई०००० आलं तर बोर्ड तापून वेग दाबला गेला होता: कूलर नीट टेकलाय का, वरून हवा येते का, ते बघा. हा आकडा बोर्ड पुन्हा सुरू करेपर्यंत पुसला जात नाही, म्हणून दुरुस्तीनंतर रीबूट करूनच पुन्हा मोजा. हीच चाचणी एप्रिलमध्ये दुपारी तीनला एकदा करा.

दोन दिवस पाय ५ नीट चालला की पाय ४ वरचे रेकॉर्डिंग आणि होम असिस्टंटचे कंटेनर नुसते थांबवू नका, काढून टाका. डिस्कही खाली आणा. पीओई हॅटवरचा छोटा फॅन तेव्हा बहुतेक वेळ बंदच राहील. त्याच्या पात्यांवरची धूळ पावसाळ्याआधी मऊ ब्रशने काढा, आणि ब्लोअर मारणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा.